आकाशाची झाडाझडती

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एखादा ग्रह असायला हवा, ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपीय खगोलज्ञांची समजूत एका साध्या आकडेमोडीवर उभी होती. १७६६ मध्ये योहान टिटियस या जर्मन प्राध्यापकांनी सूर्यापासून ग्रहांच्या अंतरांची एक मालिका मांडली आणि १७७२ मध्ये योहान बोडे यांनी ती प्रसिद्धीस आणली. ४, ७, १०, १६, २८, ५२, १०० अशी ती मालिका. बुधापासून शनीपर्यंतचे सारे ग्रह तिच्यात जवळपास बसत, फक्त २८ ची जागा रिकामी राही. या नियमाला भौतिकशास्त्राचा आधार काहीच नव्हता, आजही नाही. पण १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना युरेनस सापडला आणि तो मालिकेतल्या पुढच्या, म्हणजे १९६ च्या जागेशेजारी निघाला. मग रिकाम्या जागेत काहीतरी दडलेले आहे याबद्दल फारशी शंका कोणाला उरली नाही.

सप्टेंबर १८०० मध्ये ब्रेमेनजवळच्या लिलिएनथाल गावी, योहान श्रोटर यांच्या वेधशाळेत सहा जण जमले. पुढाकार फ्रान्झ फॉन झाख यांचा होता. राशिचक्राच्या पट्ट्याचे चोवीस भाग पाडायचे, युरोपातल्या चोवीस निरीक्षकांना ते वाटून द्यायचे, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या भागातल्या मंद ताऱ्यांचा नकाशा काढायचा आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की लगेच कळवायचे, असा बेत ठरला. गस्तच ती, म्हणून या मंडळींना ‘आकाशातले पोलीस’ हे नाव पडले. लघुग्रहांच्या शोधासाठी आखलेले पहिले सर्वेक्षण ते हेच. आकाशाची वाटणी, नकाशा, फेरपाहणी आणि एका ठिकाणी नोंद, ही त्याची चौकट सव्वादोनशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

मात्र पोलीस कामाला लागण्याआधीच चोर भलत्याच माणसाच्या हाती लागला. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियात्झी ताऱ्यांची सूची तयार करत होते. झाख यांच्या यादीत त्यांचेही नाव होते, पण निमंत्रण अजून पोहोचलेले नव्हते. एकदा मोजलेला तारा पुढच्या रात्री पुन्हा मोजायचा, ही पियात्झी यांची शिस्त. १ जानेवारी १८०१ च्या रात्री वृषभ राशीत टिपलेला एक मंद ठिपका दुसऱ्या रात्री थोडा सरकलेला दिसला, तिसऱ्या रात्री आणखी थोडा. ११ फेब्रुवारीपर्यंत पियात्झी यांनी त्याचे वेध घेतले. मग त्यांची प्रकृती बिघडली, ठिपका सूर्याच्या प्रकाशात शिरला आणि दिसेनासा झाला.

पुढे सेरेस हे नाव मिळालेला हा पिंड सापडला आणि हरवला. सहा आठवड्यांत त्याने आकाशात जेमतेम काही अंशांची वाटचाल केली होती. तेवढ्यावरून पुढच्या हिवाळ्यात तो कुठे उगवेल हे सांगण्याची रीत त्या वेळी कोणाजवळ नव्हती. ती चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी तयार केली आणि त्यांनी वर्तवलेल्या जागेजवळच ३१ डिसेंबर १८०१ ला झाख यांना सेरेस पुन्हा दिसला. एक-दोन दिवसांत ब्रेमेनचे वैद्य हाइनरिश ओल्बर्स यांनीही तो टिपला. लघुग्रहाच्या शोधात नजरेइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, काम गणिताचे आणि नोंदवहीचे असते हे या पहिल्याच प्रकरणात दिसून आले. पुढच्या इतिहासात हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत येत राहते.

त्यानंतर शोध भराभर लागले. ओल्बर्स यांना १८०२ मध्ये पॅलस आणि १८०७ मध्ये व्हेस्टा सापडला. मधल्या काळात, १८०४ मध्ये, लिलिएनथाल येथे कार्ल हार्डिंग यांना जुनो मिळाला. एका ग्रहाची जागा आणि तिथे चार ग्रह, हा प्रकार अवघड होता. दुर्बिणीतून ते ताऱ्यांसारखे नुसते बिंदू दिसत, म्हणून हर्शेल यांनी १८०२ मध्येच त्यांच्यासाठी ‘अ‍ॅस्टेरॉइड’ हे नाव सुचवले होते. पुढे शोध थंडावला आणि ‘पोलीस’ पांगले.

धूमकेतूंचा शोध याहून जुना, आणि त्याची तऱ्हाही निराळी. जुन्या मराठी माणसांचे हे शेंडेनक्षत्र बहुधा आपण होऊनच नजरेत भरे. दुर्बिणीने मुद्दाम त्याच्या मागावर जाण्याची परंपरा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. चार्ल्स मेसिए यांनी धूमकेतूंसारखे भासणारे, पण जागचे न हलणारे धूसर डाग टिपून ठेवले, ते केवळ फसगत टाळण्यासाठी. आज मेसिए यांचे धूमकेतू कोणाला फारसे आठवत नाहीत. ती नकोशा डागांची यादी मात्र प्रत्येक हौशी निरीक्षकाला पाठ असते. इंग्लंडमध्ये कॅरोलाइन हर्शेल छोट्या दुर्बिणीने आकाशाचे आडवे पट्टे एकामागून एक चाळत. १७८६ पासून त्यांना आठ धूमकेतू सापडले. मार्सेय वेधशाळेत १७८९ मध्ये द्वारपाल म्हणून लागलेल्या झाँ-लुई पाँस यांच्या नावावर ३७ धूमकेतू जमा झाले आणि डोळ्यांनी शोधणाऱ्यांत हा आकडा कोणालाच ओलांडता आला नाही. १८३१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधणाऱ्याला सुवर्णपदक देऊ केले. १८४७ च्या शोधासाठी ते अमेरिकेच्या मारिया मिचेल यांना मिळाले. पुढे अमेरिकेत एका धनिकाने प्रत्येक नव्या धूमकेतूला दोनशे डॉलर लावले, तेव्हा नॅशव्हिलच्या एडवर्ड बर्नार्ड या गरीब तरुणाने एकामागून एक धूमकेतू शोधून त्या बक्षिसांवर घराचे हप्ते फेडले. याच बर्नार्ड यांनी १८९२ मध्ये छायाचित्रावरून पहिला धूमकेतू शोधला आणि पदके-बक्षिसांच्या त्या जुन्या खेळाचे नियमच बदलायला सुरुवात झाली.

लघुग्रहांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले ते पोस्टखात्यातल्या एका माणसामुळे. प्रशियातल्या ड्रीझेन गावचे कार्ल हेन्के यांनी १८३० च्या सुमारास आपल्या खिडकीतून शोध आरंभला आणि पंधरा वर्षे काही न सापडताही तो सोडला नाही. ८ डिसेंबर १८४५ ला त्यांना पाचवा लघुग्रह, अ‍ॅस्ट्रिया, सापडला. दीड वर्षात सहावाही त्यांनीच शोधला. हेन्के यांचे बळ दुर्बिणीत नव्हते. त्यांनी स्वतः काढलेल्या नकाशांत इतके मंद तारे होते की परका ठिपका लपूच शकत नसे. त्याच सुमारास बर्लिन अकादमीचे तपशीलवार तारानकाशे निघू लागले आणि बर्लिनच्याच नव्या नकाशावरून १८४६ मध्ये नेपच्यूनही ओळखता आला. १८४७ नंतर नवा लघुग्रह मिळाला नाही असे वर्ष क्वचितच गेले. पॅरिसमध्ये हरमान गोल्डश्मिट हे चित्रकार एका उपाहारगृहावरच्या आपल्या खोलीतून लघुग्रह शोधत. त्यांनी चौदा शोधले. १८६८ मध्ये शंभराचा आकडा पार झाला.

या काळात भारताचाही वाटा आहे, आणि तो मद्रासचा. नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये ताऱ्यांच्या तेजाची आजही वापरात असलेली मोजपट्टी दिली होती. तिच्यात पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट तेज. १८६१ मध्ये ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले आणि १७ एप्रिलला त्यांना ६७ वा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून लागलेला हा पहिला शोध, म्हणून त्याचे नाव एशिया. पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा हे लघुग्रह त्यांनी इथूनच शोधले. नंतरची शंभराहून अधिक वर्षे भारतातून एकही नवा लघुग्रह सापडला नाही.

डोळ्यांनी शोधणाऱ्यांत योहान पालिसा यांना तोड नाही. प्रथम एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पोला येथे आणि नंतर व्हिएन्नाच्या मोठ्या दुर्बिणीवर त्यांनी १२२ लघुग्रह शोधले. सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे हवे होते, तेव्हा त्यांनी आपल्या एका लघुग्रहाचे नाव ठेवण्याचा हक्कच विक्रीला काढला. ५० पौंडांत सौदा ठरला आणि २५० व्या लघुग्रहाला रॉथ्सचाइल्ड घराण्यातल्या बेटिना यांचे नाव मिळाले. आकाशातल्या नावांचा व्यापार काही आजचा नव्हे.

पालिसा ताऱ्यांशी ताडून ठिपके शोधत असतानाच हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी ते काम काचेवर सोपवले. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरत ठेवून रासायनिक लेप दिलेल्या काचेवर तास-दोन तास प्रकाश पडू द्यायचा. तारे गोल ठिपके म्हणून उमटतात, तेवढ्या वेळात सरकलेला लघुग्रह मात्र बारीक रेघ ओढून जातो. २२ डिसेंबर १८९१ ला या पद्धतीने पहिला लघुग्रह मिळाला. नव्या दुर्बिणीसाठी दहा हजार डॉलर देणाऱ्या कॅथरिन ब्रूस यांच्यावरून त्याला ब्रुसिया हे नाव दिले गेले. एकट्या वोल्फ यांच्या खाती २४८ लघुग्रह पडले आणि त्यांचे सहकारी कार्ल राइनमुथ त्यांच्याही पुढे गेले.

संख्या वाढली तसा लघुग्रहांचा मान घसरला. दीर्घिका आणि तारकासमूहांच्या छायाचित्रांवर या रेघा आडव्या येत, तेव्हा काही खगोलज्ञ त्यांना ‘आकाशातली कीड’ म्हणू लागले. रागाचे खरे कारण हिशेबाचे होते. सापडलेल्या प्रत्येक लघुग्रहाची कक्षा काढायची, दरवर्षी तो कुठे दिसेल याची कोष्टके करायची आणि तो हरवला तर पुन्हा शोधायचा, हे सगळे हाताने. बर्लिनच्या गणनसंस्थेने हे ओझे बराच काळ वाहिले. दुसऱ्या महायुद्धात ती व्यवस्था कोलमडली आणि १९४७ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी येथे पॉल हर्गेट यांच्या देखरेखीखाली लघुग्रह केंद्र स्थापन झाले. १९७८ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला हलले आणि ब्रायन मार्सडेन त्याचे प्रमुख झाले. जगात कोणीही टिपलेला सरकता ठिपका अखेर याच दप्तरात येतो. दुर्बिणींच्या इतिहासात या कार्यालयाला ओळ-दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही, आणि हा त्याच्यावर अन्यायच आहे.

नोंदी तोकड्या पडल्या की काय होते, याचा दाखला म्हणजे हर्मिस. त्याआधी १८९८ मध्ये बर्लिनच्या गुस्ताफ विट यांना इरॉस सापडला होता. पृथ्वीच्या जवळ येणारा हा पहिला ज्ञात लघुग्रह, आणि सूर्याचे अंतर मोजण्यासाठी त्याचा मोठा उपयोगही झाला. १९३२ मध्ये पृथ्वीची कक्षा ओलांडणारा अपोलो मिळाला. ऑक्टोबर १९३७ च्या अखेरीस राइनमुथ यांच्या काचेवर एक लांबलचक रेघ उमटली. हा हर्मिस पृथ्वीपासून सुमारे साडेसात लाख किलोमीटरांवरून, म्हणजे चंद्राच्या दुप्पट अंतरावरून, निघून गेला. त्याचे वेध जेमतेम पाच दिवसांचे. तेवढ्यावरून कक्षा पक्की झाली नाही आणि हर्मिस ६६ वर्षे बेपत्ता राहिला. ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणात तो पुन्हा सापडला. पालिसा यांनी १९११ मध्ये शोधलेला अल्बर्ट तर २००० पर्यंत सापडत नव्हता. क्रमांक मिळूनही हरवलेला तो अखेरचा लघुग्रह.

लघुग्रह पृथ्वीवर आदळतात, ही गोष्ट भूवैज्ञानिकांना पटायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. अ‍ॅरिझोनातले मोठे विवर आघाताने झाले, हे यूजीन शूमेकर यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केले. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराची गोष्टही अशीच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा ज्वालामुखीचा असल्याचे दीर्घकाळ मानले जाई. आघाताच्या दाबानेच तयार होणारी काच आणि बदललेली खनिजे तिथल्या बसाल्टमध्ये मिळाल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हा वाद मिटला. मग १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह, डायनोसॉर नष्ट होण्यामागे लघुग्रहाचा आघात असल्याचे मत मांडले. मेक्सिकोतले चिक्षुलूब विवर १९९१ मध्ये ओळखले गेल्यावर त्या मताला बळकटी आली. दख्खनच्या पठारावरच्या लाव्हालाच प्रमुख कारण मानणारा पक्षही आहे आणि त्या वादावर अजून पडदा पडलेला नाही.

यूजीन शूमेकर आणि एलिनर हेलिन यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅलोमार पर्वतावर ४६ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीने पृथ्वीची कक्षा ओलांडणाऱ्या लघुग्रहांचा पद्धतशीर शोध सुरू केला. वोल्फ यांच्या काळातल्या दुर्बिणी आकाशाचा लहानसा तुकडा दाखवत. श्मिट दुर्बीण एका दमात कितीतरी मोठा पट्टा टिपते. काम कष्टाचे होते. अंधाऱ्या खोलीत फिल्मचे गोल तुकडे कापायचे, त्यांची संवेदनक्षमता वाढावी म्हणून ते वायूत ठेवून भट्टीत तापवायचे, रात्रभर एकेका जागेचे काही मिनिटांचे चित्र घ्यायचे आणि पाऊण-एक तासाने त्याच जागेचे दुसरे. धुतलेल्या फिल्मच्या जोड्या मग त्रिमित सूक्ष्मदर्शकाखाली जात. डावा डोळा पहिल्या चित्रावर, उजवा दुसऱ्यावर. हलला नसेल तो तारा सपाट दिसतो. मधल्या वेळात सरकलेला ठिपका इतर ताऱ्यांच्या पातळीतून वर आल्यासारखा भासतो. हे काम यूजीन यांच्या पत्नी कॅरोलिन शूमेकर करत. वयाच्या पन्नाशीनंतर, मुले मोठी झाल्यावर, त्या याकडे वळल्या आणि त्यांच्या नावावर ३२ धूमकेतू जमा झाले.

मार्च १९९३ मध्ये पॅलोमारवर फिल्मचा एक डबा कोणीतरी उघडल्यामुळे त्यात प्रकाश शिरला होता. वरच्या फिल्म वाया गेल्या, खालच्यांच्या फक्त कडा काळवंडल्या. आकाश ढगाळ असल्याने चांगली फिल्म खर्ची घालणे परवडणारे नव्हते, तेव्हा त्या खराब फिल्मवरच चित्रे घ्यावीत असे गटातल्या डेव्हिड लेव्ही यांनी सुचवले. त्या चित्रांत कॅरोलिन यांना दाबून चपटा झाल्यासारखा एक धूमकेतू दिसला. तो शूमेकर-लेव्ही ९. गुरूने त्याचे आधीच तुकडे केले होते आणि जुलै १९९४ मध्ये ते एकामागून एक गुरूवर आदळले. आघातांच्या काळ्या खुणा पृथ्वीवरून लहान दुर्बिणीतूनही दिसल्या. सौरमालेत असे काही आजही घडते हे जगाने थेट पाहिले आणि सर्वेक्षणांसाठी पैशाची मागणी करणाऱ्यांना दुसरा युक्तिवाद शोधण्याची गरज उरली नाही.

तोवर फिल्मचे दिवस भरत आले होते. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर टॉम गेरेल्स आणि रॉबर्ट मॅकमिलन यांनी ‘स्पेसवॉच’ प्रकल्पात १९८४ पासून सीसीडी हा इलेक्ट्रॉनिक संवेदक वापरायला घेतला. दुर्बीण जागच्या जागी थांबवायची, पृथ्वीच्या फिरण्याने आकाश तिच्यासमोरून सरकू द्यायचे आणि त्याच वेगाने संवेदकावरची नोंद वाचत जायची. १९९० पासून ठिपका सरकला की नाही हे संगणक रात्रीच सांगू लागला. सकाळ होण्याआधीच दुसऱ्या वेधशाळेला कळवता येऊ लागले, आणि खरी क्रांती हीच.

याच सुमारास राजकारणही हलले. २३ मार्च १९८९ ला सुमारे सात लाख किलोमीटरांवरून एक लघुग्रह निघून गेला आणि तो गेल्यानंतर आठवड्याने सापडला. अमेरिकी काँग्रेसने ‘नासा’कडे अहवाल मागितला. १९९२ च्या त्या अहवालात जगभर दुर्बिणींचे जाळे सुचवले होते, आणि त्याला दिलेले ‘स्पेसगार्ड’ हे नाव आर्थर क्लार्क यांच्या १९७३ च्या कादंबरीतून घेतलेले होते. १९९८ मध्ये ‘नासा’ने एक किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या पृथ्वीसमीप लघुग्रहांपैकी ९० टक्के दहा वर्षांत शोधण्याचे लक्ष्य स्वीकारले.

त्याच वर्षी मार्चमध्ये एका घटनेने जुन्या फिल्मची किंमत दाखवून दिली. ‘१९९७ एक्सएफ ११’ हा लघुग्रह २०२८ मध्ये पृथ्वीच्या फार जवळून जाईल, आघाताची शक्यताही पूर्ण नाकारता येत नाही, असे मार्सडेन यांच्या केंद्राने जाहीर केले आणि जगभर मथळे झळकले. दुसऱ्याच दिवशी हेलिन यांच्या गटाला पॅलोमारच्या १९९० च्या फिल्मवर तोच लघुग्रह सापडला. आठ वर्षांपूर्वीची जागा हाती येताच कक्षा पक्की झाली आणि अंतर साडेनऊ लाख किलोमीटरांवर गेले. कपाटात पडून असलेल्या एका फिल्मने जगाची झोप परत दिली.

त्यानंतरचे दशक यंत्रांचे. अमेरिकी हवाई दलाने उपग्रहांवर पाळत ठेवण्यासाठी बनवलेल्या एक मीटरच्या दुर्बिणी न्यू मेक्सिकोत ‘लिनिअर’ प्रकल्पाने मार्च १९९८ पासून लघुग्रहांकडे वळवल्या आणि दोन लाखांहून अधिक नवे पिंड नोंदवले. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे कॅटलिना सर्वेक्षण, हवाईतले पॅन-स्टार्स आणि अ‍ॅटलस ही पुढची मोठी नावे. कार्यपद्धती सगळ्यांची सारखीच. एकाच जागेची अर्ध्या-एक तासात चार चित्रे घ्यायची. सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने सरकणारे ठिपके संगणक निवडतो आणि निदान कॅटलिनात तरी माणूस ते डोळ्याखालून घालतो, कारण वैश्विक किरणांचे ओरखडे आणि उपग्रहांच्या रेघाही यंत्राला फसवतात. मग जागा, वेळ आणि तेज केंब्रिजला रवाना होते. पौर्णिमेच्या आसपास काम मंदावते आणि अ‍ॅरिझोनातल्या पावसाळ्यात दुर्बिणी बंदच ठेवाव्या लागतात. धूमकेतूंना माणसांऐवजी सर्वेक्षणांची नावे मिळू लागली. आज लिनिअर, पॅनस्टार्स, अ‍ॅटलस अशा नावांचे धूमकेतू इतके आहेत की क्रमांक सांगितल्याशिवाय कोणता ते कळत नाही. तरी माणूस पुरता हटला नाही. १९९६ चा तेजस्वी धूमकेतू जपानच्या युजी ह्याकुताके यांनी मोठ्या द्विनेत्रीतून शोधला आणि परक्या ताऱ्याकडून आलेला पहिला धूमकेतू २०१९ मध्ये गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाला स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून मिळाला.

६ ऑक्टोबर २००८ ला कॅटलिनाच्या माउंट लेमन दुर्बिणीतून रिचर्ड कोवाल्स्की यांना एक लहानसा ठिपका दिसला. कक्षा काढल्यावर कळले की तो वीस तासांच्या आत सुदानवर कोसळणार. पिंड जेमतेम चार मीटरांचा, म्हणून भीती नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नुबियाच्या वाळवंटावर फुटला. खार्टूम विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिसेंबरपासून वाळू पिंजून सहाशेच्या आसपास अशनी गोळा केले. आकाशात आधी टिपलेल्या दगडाचे तुकडे हातात येण्याची ही पहिलीच वेळ. याउलट १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे वीस मीटरांचा पिंड कोणालाही आधी दिसला नव्हता. तो सूर्याच्या दिशेने आला आणि रात्री पाहणाऱ्या कोणत्याही दुर्बिणीला ती दिशा बंद असते. खिडक्यांच्या काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली.

दुसरी उणीव दक्षिण गोलार्धाची. ऑस्ट्रेलियातले सर्वेक्षण सरकारी पैसा आटल्यामुळे १९९६ मध्ये बंद पडले. २००४ पासून सायडिंग स्प्रिंग येथे ते पुन्हा चालले, पण २०१३ मध्ये तेही थांबले. दक्षिण ध्रुवाकडच्या आकाशावर मग बराच काळ पुरेशी नजर नव्हती. २०२२ मध्ये अ‍ॅटलसने चिली आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी बसवल्या. त्यातल्या चिलीच्या दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ ला ‘२०२४ वायआर ४’ सापडला. २०३२ मध्ये तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्टा प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत असल्याने मुंबईचेही नाव वर्तमानपत्रांत झळकले. आणखी काही दिवसांचे वेध हाती येताच ही शक्यता जवळजवळ शून्यावर आली. शक्यता आधी वाढून मग कोसळणे हे अशा प्रकरणांत नेहमीचेच. अपोफिस या लघुग्रहाच्या बाबतीत २००४ मध्ये हेच झाले होते. अनिश्चिततेचा पट्टा अरुंद होत जातो आणि पृथ्वी त्यात असेपर्यंत टक्केवारी चढतच राहते. बातम्यांत हा भाग सहसा गाळला जातो.

१८८५ च्या व्हेरानंतर भारतातल्या लघुग्रहशोधात पडलेला खंड १९८८ मध्ये संपला. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना श्मिट दुर्बिणीने नवा लघुग्रह मिळाला आणि त्याला गणिती रामानुजन यांचे नाव दिले गेले. ती वेधशाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वेणू बाप्पू हार्वर्डला शिकत असताना १९४९ मध्ये एका धूमकेतूचे सहशोधक ठरले होते. अलीकडे लडाखमधल्या हानले येथे मुंबई आयआयटी आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ‘ग्रोथ-इंडिया’ ही दुर्बीण चालते आणि नव्याने सापडलेल्या लघुग्रहांचे फेरवेध घेते. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी पॅलोमारच्या सर्वेक्षणाच्या चित्रांतून ‘२०२० क्यूजी’ हा मोटारीएवढा पिंड वेचला. तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या २,९५० किलोमीटरांवरून गेला होता आणि सापडला तेव्हा जाऊन सहा तास झाले होते.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर आरशाच्या दुर्बिणीने जून २०२५ मध्ये पहिली चित्रे दिली. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणात तिने २,१०४ नवे लघुग्रह दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या शंभर वर्षांत सगळ्या युरोप-अमेरिकेला मिळून इतके सापडले नव्हते. ज्ञात लघुग्रह आता चौदा लाखांच्या घरात आहेत आणि त्यांपैकी पृथ्वीसमीप सुमारे चाळीस हजार. एक किलोमीटरहून मोठे बहुतेक सगळे सापडले आहेत आणि त्यांच्यापैकी एकही पुढच्या शंभर वर्षांत पृथ्वीवर येणार नाही. २००५ च्या अमेरिकी कायद्याने याहून लहान, पण १४० मीटर किंवा त्याहून मोठ्या पिंडांपैकी ९० टक्के २०२० पर्यंत शोधायला सांगितले होते. ती मुदत उलटून गेली, पैसा वेळेवर मिळाला नाही, आणि अंदाजे पंचवीस हजारांपैकी निम्मेदेखील अद्याप सापडलेले नाहीत. सूर्याच्या बाजूचे आकाशही चाचपू शकणारी ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण २०२७ मध्ये अंतराळात सोडण्याचे ठरले आहे.